लोरावॅन, एनबी-आयओटी की साधं फोर-जी? सांगलीच्या शिवारासाठी वायरलेस निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी काय ठरवायचं? लोरावॅन घ्यायचं की सिमकार्डवालं यंत्र?

ओलावा, तापमान, पाणीपातळी यांचे आकडे शेतातून तारेशिवाय पाठवायचे असतील, तर तंत्रज्ञानाचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी कागदावर चार गोष्टी लिहा. एका वेळी किती बाइट पाठवायचे, दिवसातून किती वेळा, उलट दिशेने हुकूम द्यायचा असेल तर तो किती सेकंदांत पोचायला हवा, आणि यंत्राजवळ वीज आहे की नाही. पाचवी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि पुढे तिथंच अडतात: गेटवे, म्हणजे शेतातल्या यंत्रांचे निरोप पकडून इंटरनेटवर टाकणारं यंत्र, कुणाच्या गच्चीवर बसणार आणि तो बंद पडला तर वर कोण चढणार?

एका गावाच्या शिवारात तीस-चाळीस नोड (शेतातली सेन्सर-रेडिओची छोटी यंत्रं) असतील, गच्ची किंवा टाकी मिळत असेल आणि गावात सांभाळणारा माणूस असेल, तर लोरावॅन. एक नोड जतमध्ये, एक आटपाडीत, दोन शिराळ्यात असे विखुरलेले असतील, तर सिमकार्ड. दोन नोडसाठी गेटवे उभा करणं म्हणजे दोन गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर घेण्यासारखं आहे. आणि दूध संकलन केंद्रातल्या बल्क कूलरचं तापमान पाहायचं असेल, तर तिथं वीज आहे, बहुतेकदा वाय-फायही आहे. तिथं या सगळ्याची गरजच नाही.

लोरा आणि लोरावॅन एकच का?

नाही. लोरा ही रेडिओ लहर पाठवायची पद्धत. तिच्यात लहर एका ठरावीक पट्ट्यात खालच्या फ्रिक्वेन्सीपासून वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत सलग सरकते, खालच्या सापासून वरच्या सापर्यंत एकच मींड घ्यावी तशी. गोंगाटात एखादा सुटा सूर हरवतो, पण मींड ओळखू येते. म्हणूनच गोंगाटाच्या पातळीच्या खाली गेलेला सिग्नलही लोराचा रिसीव्हर उचलतो. हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ कंपनीचं. २०१२ मध्ये ती अमेरिकेच्या सेमटेकने विकत घेतली.

लोरावॅन म्हणजे त्या लहरीवर चालणारे नियम: नोडची ओळख, चाव्या, चॅनेल, परतीचा निरोप कधी ऐकायचा. हे नियम लोरा अलायन्स सांभाळते, तिची स्थापना २०१५ ची. दोनच यंत्रं एकमेकांशी बोलवायची असतील, उदाहरणार्थ विहिरीवरची मोटर आणि टाकीवरचा फ्लोट, तर नुसतं लोरा पुरतं. नोड वाढणार असतील तर पहिल्यापासून लोरावॅनच घ्या. घरी लिहिलेला प्रोटोकॉल पाचव्या नोडपर्यंत छान चालतो.

एसएफ ७, एसएफ १२ हे काय असतं?

स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे मींड किती सावकाश घ्यायची ते. आकडा वाढला की पल्ला वाढतो, पण निरोप हवेत जास्त वेळ राहतो. १० बाइटचा निरोप १२५ किलोहर्ट्झ पट्ट्यात एसएफ ७ वर सुमारे ६२ मिलिसेकंद घेतो, तोच एसएफ १२ वर सुमारे १.४८ सेकंद. जवळजवळ चोवीसपट. बॅटरी आणि गर्दी या दोन्हींचं गणित या एका आकड्यावर फिरतं. ‘एसएफ १२ वर पंधरा किलोमीटर रेंज’ असं कुणी सांगितलं, की बॅटरी किती चालेल हा पुढचा प्रश्न लगेच विचारा.

आपल्याकडे कोणती फ्रिक्वेन्सी चालते? परवाना लागतो का?

८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. आधी हा पट्टा ८६७ पर्यंतच होता, २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढला. ट्रान्समीटरची शक्ती १ वॅट, अँटेना धरून बाहेर पडणारी ४ वॅट आणि कॅरिअरची रुंदी २०० किलोहर्ट्झ, या मर्यादेत राहिलात तर फ्रिक्वेन्सीचा परवाना लागत नाही. उपकरणाला मात्र केंद्राच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन) विभागाची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मान्यता हवी. ती विक्रेत्याकडे मागा.

लोरावॅनमध्ये आपल्या विभागाचं (रीजनचं) नाव आयएन-८६५. तीन चॅनेल ठरलेले आहेत: ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ. ऑनलाइन मागवलेले नोड बऱ्याचदा युरोपच्या सेटिंगवर येतात. ते ८६८.१, ८६८.३, ८६८.५ वर बोलतात, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या बाहेर. यंत्राचा दिवा लुकलुकतो, गेटवेवर मात्र काहीच दिसत नाही. खोक्यावर ‘८६८’ छापलंय म्हणून ते चालेल असं समजू नका, फर्मवेअरमध्ये (यंत्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये) विभाग बदलावा लागतो. अमेरिकेचे ९१५ वाले तर घेऊच नका. त्यांचा अँटेनाही वेगळ्या मापाचा असतो.

खरी रेंज किती मिळते?

कॅटलॉगमधला आकडा मोकळ्या माळावरचा असतो. कृष्णाकाठी अडचण हवेची नसते, उसाची असते.

रेडिओ लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला मधोमध फुगलेली, सुतकताईच्या चातीसारखी मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ८६६ मेगाहर्ट्झवर ३ किलोमीटर अंतरासाठी या फुगवट्याची मध्यावरची त्रिज्या सुमारे १६ मीटर होते, आणि निदान तिच्या ६० टक्के, म्हणजे साडेनऊ-दहा मीटर, मोकळी राहायला हवी. आता हिशेब करा. गेटवेचा अँटेना १५ मीटरवर, नोडचा ४ मीटरवर, तर मध्यावर रेषा साडेनऊ मीटरवर. खाली साडेतीन मीटर ऊस उभा. उरले सहा मीटर. निरोप पोचेल, पण काही डेसिबल गमावून. नोडचा अँटेनाच उसाच्या आत असेल, तर प्रश्नच मिटला: पाण्याने भरलेली हिरवी पानं लहर पिऊन टाकतात.

म्हणून आडसाली लागणीत जुलै-ऑगस्टमध्ये बसवलेला नोड दिवाळीपर्यंत झकास चालतो, मग रोज थोडे थोडे निरोप गळू लागतात आणि तोड झाली की आपोआप ‘दुरुस्त’ होतो. यंत्रात बिघाड नसतोच. उपाय एकच: पहिल्या दिवसापासून अँटेना चार-साडेचार मीटरच्या जीआय पाइपवर, सेन्सरची वायर खाली.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागेत अडचण वेगळी. मांडवाच्या लोखंडी तारा आणि अँगल यांच्या जाळीखाली अँटेना ठेवला की तो पिंजऱ्यात बसतो. मांडवाच्या निदान अर्धा मीटर वर काढा.

टेकडीवर गेटवे लावला तर सगळा तालुका येईल का?

समोरचा भाग येईल, टेकडीच्या पाठीमागचा अजिबात नाही. दंडोबासारख्या डोंगरावरून खालचा सपाट मुलूख दिसतो, त्यामुळे मोह होतो. इथं दोन चुका नेहमी होतात. पहिली, जास्त गेनचा, म्हणजे जास्त डीबीआयचा अँटेना. ८ डीबीआयचा अँटेना शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच आडवी दाबून चपटी करतो. डोंगरावरून त्याची लहर पायथ्याच्या गावांच्या डोक्यावरून निघून जाते, आणि दूरचा नोड येतो पण जवळचा येत नाही असं कोडं पडतं. उंचावर ३ ते ५ डीबीआय बस. दुसरी चूक परवानगीची: सागरेश्वरच्या डोंगरासारखी अभयारण्याची किंवा वनखात्याची जमीन असेल, तर परवानगीशिवाय खांब रोवता येत नाही.

सपाटीच्या गावात ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी ही सगळ्यात चांगली जागा. लेखी पत्र घ्या. अँटेना टाकीच्या कडेला नको, टाकीच्या वर एक मीटर न्या, नाहीतर सिमेंट आणि पाण्याची सावली एका बाजूच्या शिवारावर पडते. वायरकडेही लक्ष असू द्या. १० मीटर आरजी-५८ केबल सुमारे ५ डेसिबल खाते, तेवढीच एलएमआर-४०० केबल सव्वा-दीड डेसिबल. ५ डेसिबल म्हणजे दोन-तृतीयांश शक्ती वायरीतच गेली. त्यापेक्षा गेटवेच अँटेनाजवळ पेटीत बसवा आणि खालून नुसती लॅनची केबल वर न्या.

विकत घेण्याआधी रेंज कशी तपासायची?

एक गेटवे आणि एकच नोड उसना किंवा भाड्याने मिळवा. एक दिवस पुरतो.

गेटवे प्रत्यक्ष जिथं बसणार तिथंच ठेवा. ‘साधारण तेवढ्याच उंचीवर’ चालणार नाही. नोड १४ डीबीएम शक्तीवर आणि एसएफ १० वर पक्का करा, एसएफ आपोआप बदलणारा एडीआर बंद ठेवा. प्रत्येक जागी नोड काठीला बांधून खऱ्या उंचीवर उभा करा. हातात धरून फिरू नका, अंगही सिग्नल अडवतं. प्रत्येक जागी २० निरोप पाठवा आणि किती पोचले, आरएसएसआय (सिग्नलची ताकद) किती, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) किती, हे लिहून घ्या.

एसएनआर बघायला शिका, तोच खरा आकडा. एसएफ ७ ला उणे ७.५ पर्यंत, एसएफ १० ला उणे १५ पर्यंत आणि एसएफ १२ ला उणे २० डेसिबलपर्यंत निरोप वाचता येतो. त्यावर निदान १० डेसिबल शिल्लक ठेवा. म्हणजे एसएफ १० वर उणे ५ किंवा त्याहून बरा आकडा आला तर ती जागा पक्की. चाचणी उन्हाळ्यात, रान मोकळं असताना घेतली असेल, तर आणखी १० डेसिबल जास्तीचे धरा. एकदा २० पैकी २० आले म्हणून खूश होऊ नका. एसएनआर काठावर असेल, तर पहिल्या पावसानंतरच्या तरारलेल्या झाडीत ते १२ होतात.

आकडे फारच वाईट आले तर आधी अँटेनाचं टोक बघा. एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून सारखेच दिसतात, आटेही बसतात, पण एकात मधली पिन असते आणि दुसऱ्यात भोक. चुकीची जोडी लावली की भोकासमोर भोक येतं आणि धातूला धातू टेकतच नाही. शंभर मीटरवर बंद पडणाऱ्या नोडमध्ये हे हमखास सापडतं. दुसरा संशयित अँटेनाच्या वायरीचं आतलं इवलंसं यूएफएल टोपण, झाकण लावताना ते निसटतं. अँटेनाशिवाय यंत्र चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.

बॅटरी खरंच दहा वर्षं चालते का?

चालेलच असं नाही, हिशेब करून बघू. अर्ध्या तासाला एक, म्हणजे दिवसाला ४८ निरोप. झोपेत १० मायक्रोअँपिअर: दिवसाला ०.२४ एमएएच. २० डीबीएमवर पाठवताना सुमारे १२० मिलिअँपिअर: एसएफ ७ वर दिवसाला ०.१, एसएफ १२ वर २.४ एमएएच. मातीचा सेन्सर १५ मिलिअँपिअर, सेकंदभर: ०.२. एकूण, थोडी भर धरून, एसएफ ७ वर साधारण ०.६, एसएफ १२ वर २.९.

एए आकाराच्या ३.६ व्होल्ट लिथियम थायोनिल क्लोराइड सेलवर २.४ अँपिअर-अवर छापलेलं असतं. त्यातले ७० टक्केच हाती लागतील असं धरा, म्हणजे १,७०० एमएएच. एसएफ ७ वर साडेसात वर्षं, एसएफ १२ वर दीड वर्ष आणि वर थोडं. नोड तोच, सेल तोच, फरक फक्त गेटवे कुठं बसवला त्याचा. दहा वर्षं हवी असतील तर मोठा सी आकाराचा सेल घ्या, आणि मग खोक्याचा रबर दहा वर्षं टिकेल का ते बघा.

या सेलची एक खोड आहे. फार दिवस कमी करंटवर राहिला की आत एक थर जमतो, आणि अचानक १२० मिलिअँपिअर मागितले की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. नोड रीसेट होतो, पुन्हा नेटवर्कला जॉइन व्हायला बघतो, पुन्हा कोसळतो. मीटरवर सेल ३.६ व्होल्ट दाखवतो, म्हणून दोष कुणाला सापडत नाही. सेलच्या समांतर सुपरकपॅसिटर असलेला नोड घ्या.

मग एनबी-आयओटी का नको? गेटवेची कटकटच नाही.

नको असं नाही. एनबी-आयओटी मोबाइल कंपन्यांच्या टॉवरवर, १८० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. २०१६ च्या तेराव्या आवृत्तीत ते मोबाइलच्या जागतिक मानकांत आलं. तळघरातल्या पाणी-मीटरपर्यंत पोचण्यासाठीच ते बनवलंय, आणि पॉवर सेव्हिंग मोडमध्ये झोपेचा करंट काही मायक्रोअँपिअरवर येतो. शहरातल्या मीटरसाठी ते उत्तम.

शिवारात दोन अडचणी. फोनवर चार काड्या दिसतात म्हणून एनबी-आयओटी आहेच असं होत नाही. ते त्या टॉवरवर कंपनीने चालू केलेलं असावं लागतं. त्या कंपनीचं चालू एनबी-आयओटी सिम आणि मॉड्युल घेऊन प्रत्यक्ष बांधावर नोंदणी होते का ते बघा, कस्टमर केअरला विचारून भागत नाही. दुसरी अडचण बॅटरीची. सिग्नल कमजोर असला की हे तंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं. निरोप पोचतो, पण पाव सेकंदाचं काम कित्येक सेकंद चालतं, आणि तेही २०० मिलिअँपिअरच्या पुढे. काठावरच्या जागी बॅटरीचा कागदावरचा हिशेब तिथंच बिघडतो.

एलटीई-एम (फोर-जीवरचंच यंत्रांसाठीचं तंत्र) कागदावर आणखी चांगलं आहे, पण त्याच्या भरवशावर इथं बेत आखू नका. विखुरलेल्या नोडसाठी आमचं झुकतं माप साध्या फोर-जी कॅट-१ (कमी वेगाच्या) मॉड्युलला. ते नेहमीच्या फोर-जी टॉवरवर चालतं, आणि ५ ते १० वॅटचं सोलर पॅनेल आणि छोटी लिथियम फॉस्फेट बॅटरी दिली की विजेची काळजी मिटते. कमी विजेचं तंत्र नव्हे हे, पण चालतं.

स्वस्त टू-जी मॉड्युल घेऊ का?

नवीन कामाला नको. जिओकडे टू-जी नाहीच, त्यामुळे सिम-८०० जातीचं मॉड्युल जिओच्या सिमवर कधीच चालणार नाही. इतर कंपन्यांवर आज चालेल, पण पाच वर्षांच्या कामाला तो आधार धरू नका. शिवाय ते पाठवताना क्षणभर २ अँपिअर मागतं, मोबाइलच्या जुन्या चार्जरवर जोडलं की सतत रीसेट होत बसतं.

सिम कोणतं घालायचं?

यंत्रासाठीचं एम-टू-एम सिम, ज्याचा नंबर १३ आकडी असतो. घरातलं जुनं सिम घातलं तर ज्या दिवशी रिचार्ज संपेल त्या दिवशी नोड मुका होतो, आणि तो दिवस नेमका पाण्याच्या पाळीचा असतो. तुम्ही ही सेवा इतरांना विकणार असाल तर २०२२ पासून दूरसंचार विभागाकडे एम-टू-एम सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करावी लागते. स्वतःच्या रानासाठी वापरणं वेगळं.

सिगफॉक्स?

हेही लहान निरोपांचं वायरलेस नेटवर्क: दिवसाला १४० निरोप, प्रत्येकी १२ बाइट, आणि नेटवर्क त्या कंपनीचंच असायला हवं. मूळ फ्रेंच कंपनी २०२२ च्या सुरुवातीला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, नंतर सिंगापूरच्या युनाबिझने ती घेतली. इथं विचारात घेऊ नका.

लोरावॅनवरून शेतातली मोटर चालू-बंद करता येईल का?

येईल, पण इथं सगळ्यात जास्त लोक फसतात.

बॅटरीवरचा नोड क्लास ए मध्ये असतो. तो स्वतः बोलल्यानंतर एक सेकंदाने आणि दोन सेकंदांनी, अशा दोनच वेळा क्षणभर कान उघडतो. दहा मिनिटांनी एकदा बोलणाऱ्या नोडला तुमचा ‘बंद’ हा हुकूम दहा मिनिटांनीच मिळेल. ठिबकच्या लॅचिंग व्हॉल्व्हला हे चालतं. मोटरीला क्लास सी लागतो, त्याचा कान कायम उघडा. त्यासाठी सतत १० ते १२ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे दिवसाला पाव अँपिअर-अवरच्या आसपास. शेतीची थ्री-फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज नसतानाही नोड जागा राहावा म्हणून १२ व्होल्टची छोटी बॅटरी द्याच.

हुकूम कसा द्यायचा, तेही ठरवा. ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोन निरोप ठेवू नका. ‘बंद’ हवेत हरवला तर मोटर रात्रभर चालते, विहिरीचा तळ लागतो आणि कोरडी मोटर जळते. त्याऐवजी ‘४० मिनिटं चालव’ असा एकच निरोप द्या, मोजणी नोडमध्येच होऊ द्या. वेळ संपली की इंटरनेट असो वा नसो, मोटर थांबलीच पाहिजे. ड्राय-रन आणि फेज गेल्याचं संरक्षण स्टार्टरमध्येच ठेवा, ते काम सर्व्हरवर ढकलू नका.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. चालू करण्याचा रिले हिरव्या बटणाला समांतर, दोन सेकंदांचा ठोका देणारा. बंद करण्याचा रिले लाल बटणाच्या ओळीत, नॉर्मली क्लोज. बाजारातल्या निळ्या रिले बोर्डावर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बहुतेकदा ४१५ व्होल्टची. थेट जोडली की काही आठवड्यांत रिलेचे पॉइंट चिकटतात आणि ‘बंद’ म्हणूनही मोटर बंद होत नाही. मध्ये योग्य व्होल्टेजचा सहायक काँटॅक्टर घाला.

एका गेटवेवर किती नोड चालतात?

सगळे एसएफ १२ वर ठेवले तर वाटतं त्यापेक्षा फार कमी. २०० नोड, पंधरा मिनिटाला एक निरोप, म्हणजे दिवसाला १९,२००. एसएफ १२ वर हवेतला वेळ होतो २८,००० सेकंदांहून जास्त. तीन चॅनेलवर वाटला तर प्रत्येक चॅनेल ११ टक्के भरलेला. नोड एकमेकांना विचारून बोलत नाहीत, त्यामुळे एवढ्या गर्दीत साधारण पाचातला एक निरोप दुसऱ्यावर आदळतो. तेच नोड एसएफ ७ वर आले तर शंभरातला एक. म्हणून कायम बसवलेल्या नोडवर एडीआर चालू ठेवा, आणि लांबच्या दहा नोडसाठी एसएफ वाढवण्यापेक्षा दुसरा गेटवे लावा.

विजेवर चालणाऱ्या नोडमध्ये एक छुपा दोष असतो. लाइट आली की सगळे एकाच सेकंदाला जागे होतात आणि एकदमच ओरडतात. फर्मवेअरमध्ये सुरुवातीला शून्य ते पाच मिनिटांची यादृच्छिक थांबणूक घालायला सांगा.

प्रत्येक निरोपाची पोच मागणंही टाळा. पोच देताना गेटवे स्वतः बोलतो, आणि बोलताना तो कुणाचंच ऐकत नाही.

ईएसपी-३२ चा हजारभरात होणारा गेटवे चालेल का?

ईएसपी-३२ या स्वस्त चिपवर घरी केलेला गेटवे एका वेळी एकाच चॅनेलवर, एकाच एसएफवर ऐकतो. नोड मात्र तीन चॅनेलवर आळीपाळीने बोलतो, म्हणजे तीनातले दोन निरोप पडले. शिकायला ठीक. कामाला एसएक्स-१३०२ किंवा त्या जातीच्या चिपचा आठ चॅनेलचा गेटवे घ्या.

निरोप किती लहान ठेवायचा? किडीच्या सापळ्याचा फोटो पाठवता येईल?

फोटो विसरा. ३० केबीचा फोटो एसएफ ७ वर २२२ बाइटचे सुमारे १३५ तुकडे होतो, एसएफ १२ वर ५१ बाइटचे जवळजवळ ५९०. फोटो हवा तिथं फोर-जी.

आकडे पाठवताना अक्षरं पाठवू नका. तापमान २७.४ असेल तर २७४ करून दोन बाइट. आर्द्रता ८१, एक बाइट. बॅटरी ३.५८ व्होल्ट, त्यातून २ वजा करून १५८, एक बाइट. झाले चार बाइट. हेच नाव, कंस, अवतरणचिन्हांसह मजकूर म्हणून पाठवलं तर पन्नास बाइट सहज होतात. थंडीत पारा शून्याखाली जाणार नाही म्हणून चिन्ह वगळू नका. सेन्सर तुटला की काही सेन्सर उणे आकडा देतात, आणि चिन्ह नसेल तर पडद्यावर ६,५०० अंश तापमान दिसतं.

गेटवेला वीज आणि इंटरनेट कसं द्यायचं?

५ वॅटचा गेटवे दिवसाला १२० वॅट-अवर खातो. तीन ढगाळ दिवस निभावायचे तर ३६०, आणि बॅटरीतलं ८० टक्केच वापरायचं धरलं तर ४५० वॅट-अवर, म्हणजे १२.८ व्होल्टची ४० अँपिअर-अवर लिथियम फॉस्फेट बॅटरी. पावसाळ्यात पूर्ण उन्हाचे दोनच तास धरले आणि ३० टक्के तोटा सोडला, तर ८६ वॅट लागतात, पॅनेल १०० वॅटचं घ्या. शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडे, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथं घरगुती विजेच्या लाइनवर गेटवे ठेवा आणि बॅटरी आधाराला द्या.

इंटरनेट फार लागत नाही. २०० नोडच्या वरच्या हिशेबाला, निरोपामागे ५०० बाइट धरले, तर महिन्याला ३०० एमबीच्या आसपास. गेटवेवरून निरोप सर्व्हरकडे धाडणारा जुना यूडीपी फॉरवर्डर वापरू नका, नेट लटपटलं की त्यातले निरोप कायमचे जातात. चर्पस्टॅकसारखा लोरावॅन सर्व्हर गावातच छोट्या संगणकावर चालवत असाल, तर मेमरी कार्डावर डेटाबेस ठेवू नका. चार वेळा लाइट गेली की कार्ड बिघडतं. एसएसडी लावा.

एप्रिल-मेचा वळीव आला की विजा पडतात. अँटेना आणि गेटवेमध्ये लाइटनिंग अरेस्टर, आणि खांबाला वेगळं अर्थिंग. स्टार्टरच्या अर्थिंगलाच ही वायर जोडणं हा शॉर्टकट नको.

नोड जॉइन होत नाही. काय बघायचं?

गेटवेवर जॉइनची विनंती दिसतच नसेल तर विभाग किंवा अँटेना. विनंती दिसते पण सर्व्हर नाकारतो, तर चावी: ॲपकीचा एखादा आकडा चुकलाय किंवा बाइट उलट्या क्रमाने भरलेत. सर्व्हर होकार देतो पण नोडला कळत नाही, तर नोड गेटवेच्या अगदी शेजारी आहे का बघा. टेबलावर दोन फुटांवर ठेवून चाचणी घेतली की रिसीव्हर बधिर होतो. वीस मीटर लांब, भिंतीपलीकडे न्या.

सेल बदलल्यापासून निरोप गायब झाले असतील, तर नोड एबीपी (चाव्या आधीच भरलेल्या, जॉइन न होणाऱ्या) पद्धतीवर असणार. त्याचा मोजणीचा आकडा शून्यावर आला आणि सर्व्हर ते जुने निरोप समजून फेकतो. ओटीएए, म्हणजे नव्याने जॉइन होणारी पद्धत वापरा.

नदीची पाणीपातळी मोजायला काय घ्यावं?

सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. म्हणजे नोड, गेटवे आणि गेटवेची वीज, तिन्ही त्या रेषेच्या वर हवीत. नोड पुलावर आणि गेटवे गावठाणातल्या तळमजल्यावर, असं केलं की पूर येताच आधी गेटवे बुडतो. पूर लांबला की मोबाइल टॉवरही वीज आणि डिझेलअभावी बंद पडू शकतात. म्हणून गेटवेला दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं द्या.

अल्ट्रासॉनिक सेन्सर स्वस्त, पण हवेच्या तापमानाने त्याचा आकडा सरकतो. १० अंशांचा फरक म्हणजे दहा मीटरवर जवळजवळ १७ सेंटिमीटर. त्याला तापमानाची दुरुस्ती हवी, किंवा मग रडार सेन्सर घ्या. निरोप एरवी पंधरा मिनिटांनी, पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की पाच मिनिटांनी. ही यंत्रणा गावाच्या माहितीसाठी. घर सोडायचं की नाही हे प्रशासनाच्या सूचनेवरूनच ठरवा.

नेटवर्क ठीक आहे, पण ओलाव्याचा आकडा खोटा वाटतो.

काळ्या रानात जमीन भेगाळली की सेन्सरभोवती पोकळी होते, आणि तो मातीऐवजी हवा मोजतो. पाणी दिलं की तेच पाणी भेगेतून थेट सेन्सरवर उतरतं आणि आकडा एकदम टोकाला जातो. बसवताना त्याच मातीचा पातळ चिखल करून त्यात सेन्सर दाबा, २० आणि ४० सेंटिमीटरवर एकेक, ड्रिपरपासून हातभर बाजूला. नंतर वाफसा हाताने बघून आकडा ताडून घ्या.

द्राक्षबागेत पानांच्या ओलाव्याच्या सेन्सरवर बोर्डोचे डाग बसतात आणि तो ओला नसतानाही ओला दाखवतो. फवारणीनंतर ओल्या फडक्याने पुसा. पेटीत मुंग्या आणि पाली शिरतात, वायर आत येते त्या ग्लँडचं न वापरलेलं भोक बुजवा. आणि भोक नेहमी पेटीच्या तळाला, वायरीला खाली एक झोळ देऊन.

झिगबी, ब्लूटूथ, मेश?

घरात, पोल्ट्रीत, कोल्ड स्टोरेजमध्ये ठीक. शिवारात मेशचा प्रत्येक मधला नोड दुसऱ्यांचे निरोप वाहत जागा राहतो, त्याची बॅटरी तेवढीच लवकर संपते, आणि तो बंद पडला की त्याच्या पलीकडचे सगळे जातात.

विक्रेत्याला काय विचारायचं?

आयएन-८६५ लिहिलेलं ईटीए प्रमाणपत्र. एसएफ १० वर बॅटरीचा हिशेब, लेखी. सेल जागेवर बदलता येतो का. डेटाचा मांडणी-तक्ता, म्हणजे कोणत्या बाइटमध्ये काय. आणि प्रत्येक नोडची डेव्हईयूआय (ओळखक्रमांक) व ॲपकी (गुप्त चावी) तुमच्या हातात, खरेदीच्या दिवशीच. चाव्या विक्रेत्याकडेच राहिल्या तर त्याने सर्व्हर बंद केला त्या दिवशी तुमच्या रानात चाळीस खांब आणि चाळीस रिकाम्या पेट्या उरतात. चाव्यांचा कागद पेटीला चिकटवू नका, वहीत ठेवा.